माल उतरवण्याचे दिवस

सर्वपित्री अमावास्या उलटली की माझ्या हातांना ओल्या पुठ्ठ्याचा वास येऊ लागतो. खरं तर आता मी पुठ्ठ्याला हातही लावत नाही. माझं टेबल काचेच्या केबिनमध्ये आहे, डोक्यावर एसी आहे, आणि दिवसभर बोटांना लागतो तो फक्त कीबोर्ड. तरी वास येतो. बाहेर सातिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या रस्त्यावरचा चिखल वाळून त्याची धूळ झालेली असते, टेम्पो गेला की ती उठते आणि गाळ्यांच्या शटरवर जाऊन बसते. आभाळ कोरडं, निळं. पत्र्याखाली पाच मिनिटं उभं राहिलं की पाठीला कुडता चिकटतो. लोक याला ऑक्टोबर हीट म्हणतात आणि कपाळ पुसतात. मी याला माल उतरवण्याचे दिवस म्हणते, आणि या दिवसांत मला एका माणसाचा राग येतो. दरवर्षी, न चुकता, जुनं दुखणं उठावं तसा.

यंदा तो माणूस परत आला.

त्याचं नाव चिन्मय. चार वर्षांपूर्वी तो आमच्या गोदामात कॉम्प्युटरची नवी सिस्टिम बसवायला आला होता. आमचं गोदाम दारं-खिडक्यांच्या सामानाचं: बिजागऱ्या, कड्या, मुठी, हँडलं. मी तेव्हा स्टोअरची क्लार्क होते, म्हणजे रजिस्टर माझ्याकडे. पण माल कुठे आहे हे रजिस्टरला माहीत नसायचं. ते माहीत असायचं हिराजीभाऊंना.

हिराजीभाऊ नायगावच्या खाडीकडच्या गावातले. घरची भातशेती, आणि पोटासाठी आमच्या गोदामाची किल्ली. शेठचे वडील होते तेव्हापासून ती किल्ली त्यांच्या कमरेच्या करगोट्याला बांधलेली होती. बुटके, रुंद खांद्यांचे, पांढरी टोपी कधी डोक्यावर तर कधी खिशात. सातिवलीत पाणी भरतं हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. पाऊस जोराचा आणि त्याच वेळी समुद्राला भरती, की नाल्याचं पाणी उलटं फिरतं आणि तासाभरात गोदामात गुडघ्यापर्यंत येतं. म्हणून ज्येष्ठ लागला की हिराजीभाऊ माल चढवायचे. खालच्या खणांतला एकूण एक खोका वरच्या खणांत, नाहीतर माळ्यावर. चार महिने खालचे खण रिकामे. मग सर्वपित्रीचं उधाण गेलं की नवरात्रात माल उतरवायचा. खोके पुसायचे, दमट असतील ते अंगणात उन्हात मांडायचे, लोखंडी मालावर तेलाचा फडका फिरवायचा, जड माल पुन्हा खाली, हलका वर. दसऱ्याला गोदाम झेंडूची माळ घालून बसायचं आणि सगळं आपापल्या जागी असायचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. कुणी लिहायला सांगितलंही नव्हतं.

लिहिलेलं होतं ते खडूने. आमचे लोडर कुणी उत्तर प्रदेशचे, कुणी ओडिशाचे. कुणाला मराठी वाचता येत नसे, कुणाला काहीच वाचता येत नसे. म्हणून हिराजीभाऊंनी प्रत्येक खणावर चित्र काढलेलं होतं. चपटी बिजागरी म्हणजे पापलेट. गोल, टोकदार मूठ म्हणजे केळफूल. वरून चिरलेलं एक पितळी बोंड होतं, त्याला ते बिशपची टोपी म्हणायचे, आणि चित्रही तसंच होतं. नवा माणूस सकाळी आला की संध्याकाळपर्यंत त्याला गोदाम पाठ व्हायचं. ‘दो पापलेट, एक टोपी’ अशी हाक गेली की माल टेम्पोशी हजर. चित्रं जागेला नव्हती, मालाला होती. माल चढला की चित्र वर जायचं, उतरला की खाली यायचं. ओला फडका आणि खडू, एवढंच भांडवल. आता मला कळतं की ती एक पुरती सिस्टिम होती. तेव्हा मला वाटायचं, म्हातारा हौशी आहे.

चिन्मय आला श्रावणात. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात दोरीला अडकवलेलं ओळखपत्र. पहिल्याच दिवशी त्याने आम्हाला खुर्च्या मांडून बसवलं, पांढऱ्या भिंतीवर चित्रं दाखवली. एका चित्रावर लिहिलं होतं: कर्मचारी नव्या सिस्टिमला विरोध का करतात. खाली वाळूत डोकं खुपसलेला शहामृग. मग कारणं: बदलाची भीती, जुनी सवय, वय. वय म्हणताना त्याची नजर हिराजीभाऊंवर गेली आणि तो जरासा हसला. बहुतेक प्रेमानेच हसला असेल. मी ते हसणं उचलून ठेवून दिलं.

सूड हा शब्द मोठा आहे. आमच्या माहेरी, चिपळूणला, त्याला लक्षात ठेवणं म्हणतात. आमची आत्या जेवणाच्या पंगतीत तिला कुणी आधी भात वाढला नाही हे चाळीस वर्षं लक्षात ठेवून होती आणि त्या माणसाच्या मुलीच्या लग्नात ऐन मुहूर्ताला रुसून बसली. मी त्याच घरातली. मला ‘आंटी’ म्हटलेलं माझ्या लक्षात राहतं. ‘आंटी, तुम्ही फक्त एंटर दाबा, विचार सिस्टिम करेल,’ हे तर शब्दन् शब्द लक्षात आहे.

मग त्याने गोदाम पाहिलं. खालचे खण रिकामे बघून तो थांबला आणि शेठना म्हणाला, “बघा सर, एवढी जागा वाया चाललीय. माल सगळा वर कोंबलाय आणि खाली रिकामं. कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?”

हिराजीभाऊ पुढे झाले. “साहेब, ते पावसात...”

“काका, प्रश्न आपण शेवटी घेऊ,” चिन्मय म्हणाला. उद्धटपणे नाही. त्याला तसं शिकवलेलं असणार.

तो शेवट काही आला नाही. आली ती लेबलं. रॅकचं नाव, खणाचा आकडा, काळ्या रेघांचं कोड. लेबल स्वच्छ पत्र्यावर चिकटायला हवं म्हणून खडू पुसायला हवा, आणि खडू कुठे कुठे आहे हे हिराजीभाऊंनाच ठाऊक, म्हणून पुसण्याचं काम त्यांनाच सांगितलं. बादली आणि फडका घेऊन ते एकेका खणाशी गेले. मी रजिस्टर उघडं ठेवून बघत होते. पापलेट गेलं, केळफूल गेलं. बिशपच्या टोपीपाशी ते जरा थांबले, मग तीही पुसली. बादलीतलं पाणी पांढरट झालं होतं. ते त्यांनी बाहेर बदामाच्या झाडाला घातलं.

त्या दिवशी मी ठरवलं की या माणसाला पाणी पाजायचं.

सुरुवात लहानसहान गोष्टींनी केली. मोडक्या चाकाची खुर्ची त्याला. जो पंखा गरगरतो पण वारा देत नाही त्याखालचं टेबल त्याला. चहावाल्याला सांगितलं, साहेबांना साखर चालत नाही. महिनाभर तो बिनसाखरेचा चहा प्यायला आणि एकदाही बोलला नाही, याचाही मला राग यायचा. बाकीचे लोकही आपापल्या परीने लागले होते. पासवर्ड रोज विसरायचा. कालचाच प्रश्न आज नव्याने विचारायचा. जिथे काहीतरी लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही अशा चौकटीत एक टिंब देऊन मोकळं व्हायचं. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य आमच्याकडे ज्यांना वीज कशी येते ठाऊक नाही तेही म्हणू लागले. आणि सगळ्यांचं एक खरं रजिस्टर ड्रॉवरमध्ये, कपड्यात गुंडाळलेलं.

विरोध करणाऱ्यांना यंत्राची भीती वाटते असं म्हणणाऱ्यांची मला गंमत वाटते. भीती कसली? आमचे लोडर गावी व्हिडिओ कॉल करत होते, मी मेथीची जुडी फोनवरून पैसे देऊन घेत होते, आणि हिराजीभाऊंच्या फोनमध्ये भरती-ओहोटीचं अ‍ॅप होतं. ते पंचांग आणि अ‍ॅप दोन्ही बघायचे आणि पंचांगाचं खरं धरायचे, एवढंच. नव्या गोष्टीवर माणूस रागावत नाही. ती गोष्ट घेऊन येणारा, तिच्याआधी इथे काहीच नव्हतं असं समजून दारातून आत येतो, त्याचा राग येतो. तुम्ही तीस वर्षं एखादं काम करता आणि कुणीतरी येऊन तुम्हाला तेच काम पहिल्या धड्यापासून शिकवतो, आणि शिकून झालं की समोसा देतो. आम्हाला समोसे दिले होते. ‘सुपर यूजर’ असं लिहिलेला बिल्लाही दिला होता मला. तो मी अजून ठेवलाय, फेकायला नको म्हणून नाही, विसरायला नको म्हणून.

नवरात्र लागलं. ऊन कडक झालं. हिराजीभाऊ माझ्या टेबलाशी आले, टोपी काढून खिशात घातली. “बाय, तू त्या पोराच्या बाजूला बसतंस. आपुन माल उतरवतोय ते त्याला सांग. त्याची ती लेबलं वरच्या खनांना हायत. माल खाली आला की त्याचं सगलं चुकल.”

म्हणजे त्यांना कळलं होतं. मलाही कळलं होतं, त्यांच्या आधी, श्रावणातच. सिस्टिममध्ये प्रत्येक मालाची जागा पावसाळ्यातली लिहिली गेली होती. दसऱ्यानंतरच्या सोमवारी सिस्टिम चालू होणार होती, आणि तोवर एकही खोका लिहिलेल्या जागी असणार नव्हता. हे मी लग्नातल्या दागिन्यासारखं जपून ठेवलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी स्वतःशी म्हणत होते, आणि कुणी विचारू नये म्हणून देवीला हात जोडत होते.

दोन दिवसांनी हिराजीभाऊ पुन्हा आले. माल उतरवायला सुरुवात झाली होती, त्यांच्या बाह्यांना तेलाचे डाग पडले होते. “सांगितलंस ना त्याला?”

मी मान हलवली. हो म्हणून. खोटं होतं ते, पण तेव्हा त्यात मला गैर वाटलं नाही. उलट मनातून गुदगुल्या झाल्या. हिराजीभाऊ निश्चिंत होऊन गेले.

ते आठ दिवस मला आजही जसेच्या तसे आठवतात. अंगणात मांडलेले खोके, त्यांच्यातून निघणारी दमट वाफ. तेलाचा, गंजाचा, झेंडूचा एकत्र वास. शिडीवरून उतरणारे लोडर, खाली हात वर करून उभे हिराजीभाऊ. ‘संबाल, संबाल, पापलेट हाय ती.’ चित्रं नव्हती तरी हाका होत्या. मी ऑफिसच्या दारात उभी राहून बघायची, आणि मला वाटायचं की हे सगळे माझ्यासाठी सुरुंग भरताहेत. चिन्मय त्या आठवड्यात त्याच्या ऑफिसमध्ये होता, सिस्टिमला शेवटचा हात फिरवत.

सोमवारी सकाळी दहाला नारळ फुटला, पेढे वाटले. बाहेर तीन टेम्पो उभे होते, दिवाळीचा माल जायचा होता. चिन्मयने बटण दाबलं, प्रिंटरमधून पहिली चिठ्ठी निघाली: अमुक माल, अमुक रॅक, सर्वात वरचा खण. लोडर शिडी चढला आणि वरून म्हणाला, “कुछ नहीं है.”

“नीट बघा.”

“साहब, खाली है.”

दुसरी चिठ्ठी. माळा. तिथेही काही नाही. तिसरी, चौथी. टेम्पोवाले हॉर्न देऊ लागले. शेवटी चिन्मय स्वतः चढला, चकचकीत बूट घालून, माळ्यावर, थेट तापलेल्या पत्र्याखाली. तो वर फिरत होता तेव्हा फळ्या करकरत होत्या आणि खाली धूळ पडत होती. केसांना कोळ्याची जाळी लागलेलं त्याचं तोंड कठड्यावरून दिसलं. शर्टाची इस्त्री संपली होती.

“मॅडम, इथे काहीच नाहीये!”

मी कोकम सरबताचा पेला खाली ठेवला आणि मान वर करून अगदी गोड आवाजात म्हणाले, “सिस्टिममध्ये बघा ना, सर.”

आयुष्यात फार थोडी वाक्यं मी अशी मनासारखी बोलले आहे. ते वाक्य बोलताना घशाला जो गारवा वाटला तो कोकमाचा नव्हता. आज कुणी विचारलं, पश्चात्ताप होतो का, तर त्या वाक्याचा होत नाही.

मग शेठ आले. टेम्पो रिकामे उभे, चिन्मय माळ्यावरून उतरलेला, लाल झालेला. शेठ म्हणाले, “माल कोणी हलवला?”

“मी,” हिराजीभाऊ म्हणाले.

“कोणाला विचारून?”

हिराजीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. एक टेम्पोवाला हॉर्न दाबून होता, तो हॉर्न संपेपर्यंत पाहिलं. मी कीबोर्डकडे बघत होते. मला वाटलं, आता ते सांगतील, आणि ते सांगतील म्हणून मी थांबले. त्यांनी सांगितलं तर मी हो म्हणणार होते. नक्की म्हणणार होते.

“कोनाला नाय,” ते म्हणाले. “दरसाल उतरवतो.”

“सर, हालचालीची नोंदच नाही सिस्टिममध्ये,” चिन्मय म्हणाला. “कोणीही उठून असा माल हलवला तर कसं चालणार?” त्याचं म्हणणं बरोबर होतं आणि तेच मला जास्त लागलं.

शेठनी हात पुढे केला. हिराजीभाऊंनी सदरा वर करून करगोट्याची गाठ सोडायला घेतली. घामाने आणि वर्षांनी ती आवळून बसली होती. सुटेना. आम्ही सगळे बघत होतो. त्यांनी करगोटा फिरवून गाठ वर ओढली, वाकले, आणि दातांनी सोडवली. मग किल्ली शेठच्या हातावर ठेवली.

त्यांना फाटकावर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. बदामाखाली प्लास्टिकची खुर्ची. मी रोज सकाळी त्यांच्या समोरून आत जायची. रोज ठरवायची, आज शेठना सांगायचं. ते ‘ये बाय’ म्हणायचे आणि माझ्या गाडीचाही नंबर लिहायचे, नियम म्हणून. दिवाळीच्या सुट्टीनंतर ते आलेच नाहीत. दर वर्षी या दिवसांत ते मला घरची शिराळी आणून द्यायचे, ती त्या वर्षीपासून बंद झाली.

त्यानंतर मी चिन्मयचा राग केला. मनापासून, मन लावून केला. त्याने खडू पुसायला लावला नसता, प्रश्न शेवटी घेऊ म्हटलं नसतं, तर काही झालं नसतं. चार वर्षं मी हा हिशेब मांडत आले आणि प्रत्येक वेळी बाकी त्याच्याच नावावर निघाली.

लेबलं नंतर खालच्या खणांना लावली. पुढच्या पावसात पाणी आलं आणि खोके भिजले, कारण सिस्टिममध्ये माल वर चढवण्याची सोय नव्हती. मग ती सोय केली, पण प्रत्येक खोक्यासाठी वेगळी नोंद, आणि चुकली तर ती दुरुस्त करायला शेठची परवानगी. लोक खोका उचलताना दमत नसत तेवढे नोंदीने दमायचे. म्हणून नोंदी खोट्या व्हायला लागल्या. एकदा मी रॅकच्या मागे पडलेलं पेन काढायला वाकले, तर मागच्या पत्र्यावर, लेबलाच्या पाठीला, खडूने काढलेलं लहानसं पापलेट होतं. कुणी काढलं ते मी शोधलं नाही. तिथेच एक केळफूलही होतं.

यंदा श्रावणात शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. नवी सिस्टिम येतेय, हातात धरायच्या स्कॅनरची. मागच्यासारखं व्हायला नको. “लोकांनी मनापासून वापरली पाहिजे. पटवायचं काम तुमचं,” ते म्हणाले. आणि शेजारच्या खुर्चीतून चिन्मय उठला. आता त्याची स्वतःची कंपनी. केस मागे गेलेले, गळ्यातली दोरी नाही.

“मॅडम, ओळखलंत?”

“ओळखलं,” मी म्हणाले.

चहा आला. मी चहावाल्याला काही सांगितलं नाही. माझ्या डोक्यात याहून मोठं काहीतरी तयार होत होतं. मी शेठना म्हणाले की लोकांना पटवते, पण एका अटीवर. कुठला माल कुठल्या महिन्यात कुठे असतो, त्याला काय म्हणतात, हे सगळं आधी हिराजीभाऊंना विचारायचं. फोनवर नाही. यांनी स्वतः त्यांच्या दारात जायचं. शेठ म्हणाले, “ठीक आहे, जाऊन येऊ दे याला.”

बाहेरून बघाल तर हे शहाणपणाचं होतं. नवी गोष्ट लोकांच्या गळी उतरवायची तर आधी जुनी गोष्ट करणाऱ्याकडे जाऊन बसावं, त्याचे शब्द घ्यावेत, चूक झाली तर ती न घाबरता दुरुस्त करता यावी, हे मला पटलेलंच आहे, आणि पुढे स्कॅनर चालले तर ते त्यामुळेच चालतील. पण खरं सांगायचं तर मला त्या दिवशी लोकांचं पडलं नव्हतं. मला चिन्मयला हिराजीभाऊंच्या अंगणात मान खाली घालून उभं केलेलं बघायचं होतं. ते काय काय बोलतील याची मी मनात उजळणी करत होते. काही वाक्यं तर मीच रचून ठेवली होती, त्यांना सुचली नाहीत तर आठवण करून द्यायला.

परवा गेलो. घट बसून तीन दिवस झाले होते. नायगाव स्टेशनपासून रिक्षा केली. नव्या टॉवरांची रांग संपली की एकदम आभाळ मोकळं होतं आणि खाडीचा खारट, कुजका वास येतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात पिवळं झालेलं. हिराजीभाऊ ओटीवर बसून विळ्याला धार लावत होते. बारीक झालेत. पुढचे दोन दात गेलेत. कमरेचा करगोटा मात्र तोच होता, रिकामा.

मी अजून ओळखही करून दिली नव्हती. चिन्मयने बूट काढले, ओटीवर चढला, हिराजीभाऊंच्या घरातल्या काकूंनी पुढे केलेली खुर्ची बाजूला ठेवून जमिनीवर बसला आणि म्हणाला, “काका, त्या दिवशी तुम्ही मला काहीतरी सांगत होतात. मी म्हटलं, प्रश्न शेवटी घेऊ. ते राहिलंच. मी आता नव्या मुलांना शिकवतो तेव्हा ते रिकामे खण सांगतो. चूक माझी होती. तेव्हाच यायला हवं होतं, लाज वाटली.”

माझ्या तोंडचा घास कुणी काढून घ्यावा तसं झालं. एवढ्या सहज? चार वर्षं मी ज्यासाठी थांबले, ते त्याने एका दमात स्वतःच टाकून दिलं, जड पिशवी टाकावी तसं. मी हिराजीभाऊंकडे पाहिलं. आता बोला. बोला काहीतरी.

हिराजीभाऊ हसले, दात नसलेल्या जागेतून. “खडू हाय का?” त्यांनी आत विचारलं. नातीचा खडू आला. मग त्यांनी शेणाने सारवलेल्या ओटीवर अख्खं गोदाम काढलं. एकदा पावसाळ्यातलं, एकदा पाऊस सरल्यानंतरचं. चिन्मय फोन काढून फोटो घ्यायला लागला तर म्हणाले, “फोटू नको. लिव. हातानं लिवलं का डोक्यात ऱ्हातं.” त्याने वही काढली. त्याचं पापलेट बघून त्यांनी मान हलवली. “ही मांदेली झाली. पापलेट रुंद पायजे.” चिन्मयने खोडून परत काढलं. तो विचारत होता, हे का, ते कधी, उधाण कसं ओळखायचं, पाऊस लांबला तर काय. हिराजीभाऊ प्रत्येक गोष्टीचं उत्तर देत होते, न थांबता, इतक्या आनंदाने की काकूंचा कोरा चहा निवून गेला. मी ओटीच्या कडेला बसून होते. मला कुणी काही विचारलं नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा चिन्मय पाया पडला आणि रिक्षा बघायला रस्त्याकडे गेला. हिराजीभाऊ आत जाऊन शिराळी घेऊन आले, चार, कोवळी, पेपरात गुंडाळलेली, आणि माझ्या हातात दिली.

मला राहवलं नाही. “भाऊ, तुम्ही त्याला काहीच बोलला नाहीत? एवढं केलं त्याने तुमचं.”

ते विळा उचलून वळचणीला खोचत होते. “त्यानं तवा इचारलं नाय, ती त्याची चूक. आज इचारलं, मी सांगितलं, मिटलं.” मग माझ्याकडे वळून, रागाने नाही, फाटकावर गाडीचा नंबर लिहायचे त्याच आवाजात म्हणाले, “मी तं तुला इचारलेलं, बाय.”

रस्त्यावरून चिन्मय हाका मारत होता. रिक्षा मिळाली होती.